मळ्यातून मेसपर्यंत

मित्रांनो, चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठच्या एका मळ्यात जांभळाखाली एक तीनचाकी टेम्पो उभा आहे. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला. तो मी. माझं इंजिन आता कायमचं थांबलंय. पण मनातलं सांगायला इंजिन लागत नाही.

माझा जन्म याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापणारे, सांधे जोडणारे, रंग देणारे कितीतरी हात माझ्यावरून फिरले. त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही, पण त्यांनी काम मन लावून केलं म्हणूनच मी एवढी वर्षं टिकलो. उमेदीची वर्षं मी भोसरीच्या वर्कशॉपांमधून लोखंडी सुटे भाग वाहत घालवली. लोखंड जड असतं, पण त्याची काळजी करावी लागत नाही. उशीर झाला तर मालक ओरडतो. लोखंड काही कोमेजत नाही.

मग मला जयसिंगनं विकत घेतलं. तो थेरगावात राहायचा. त्याची कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि त्याच्यासारखे बरेच जण घरी बसले. त्याची थोरली बहीण कस्तुरा आणि तिचा नवरा आबाजी हा मळा कसायचे. त्यांची भाजी चाकणच्या मार्केटला पोचवायचं काम जयसिंगनं अंगावर घेतलं. माझ्या हौद्यात पहिल्यांदा कोथिंबिरीच्या जुड्या रचल्या, तो दिवस मी विसरणार नाही. केवढं हलकं ओझं! पण जयसिंग मला खड्ड्यांतून असा जपून नेई, की जणू आत कुणी झोपलेलं आहे.

तेव्हा मळ्यात सगळे करतात तशीच शेती होती. फ्लॉवरवर औषध मारायचं, तण आलं की त्यावर वेगळं औषध मारायचं. गड्डे पांढरेशुभ्र, डागसुद्धा नसायचा. एके दिवशी आबाजी पाठीला पंप लावून फवारत होते. वारं उलटं फिरलं. ते तसेच फवारत राहिले, आणि सरीतच कोसळले.

त्या दिवशी माझ्या हौद्यात भाजी नव्हती. रिकाम्या पोत्यांवर आबाजी पडले होते. डोकं कस्तुराच्या मांडीवर, तोंडातून फेस. रस्त्यात कंपन्यांचे कंटेनर एकामागे एक उभे होते. जयसिंग खाली उतरून हात जोडत पुढं पळत होता आणि ड्रायव्हर लोक गाड्या कडेला घेत होते. त्या अनोळखी ड्रायव्हरांचे उपकार मी कसे फेडू? आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो.

आबाजी बरे होऊन घरी आले त्या संध्याकाळी कस्तुरानं औषधांच्या सगळ्या बाटल्या घराबाहेर काढल्या.

"जयसिंग, ह्या दुकानदाराला परत दे. न्हाई घेतल्या तर त्याला इचार कुठं टाकायच्या. पर माझ्या रानात आता ह्यातलं काय येणार न्हाई."

"अक्का, मग कीड?" जयसिंग म्हणाला.

"कीड भाजी खाईल. तुझ्या दाजींना तर न्हाई ना खाणार?"

मित्रांनो, निश्चय करणं सोपं असतं, पुढचं अवघड. पहिल्या वर्षी मळ्याची रयाच गेली. शेणखत घातलं, गोमूत्र शिंपडलं, तरी वांगी बारीक आली, पालकाच्या पानांना भोकं पडली. मार्केटातल्या आडत्यानं क्रेट बघितलं आणि मान हलवली. आम्ही भरलेले गेलो, तसेच भरलेले परत आलो. कोमेजलेली भाजी घेऊन परतायचं दुःख मला तेव्हा कळलं. लोखंडानं असं कधी रडवलं नव्हतं.

त्याच सुमारास मळ्याला लागून मोठं गोडाऊन उभं राहिलं. त्याचा माणूस आबाजींकडं येऊ लागला. जमीन भाड्यानं द्या, खुर्चीत बसून खा, म्हणायचा. आबाजींच्या अंगात पहिल्यासारखा जोर राहिला नव्हता. त्यांचं मन डळमळायला लागलं.

"अजून एक वर्ष बघू," ते कस्तुराला म्हणाले. "न्हाई जमलं तर देऊन टाकू."

मार्केटात आमची भाजी कुणी घेईना म्हणून जयसिंग मला काळेवाडीत घेऊन आला. एका गल्लीच्या तोंडाशी आम्ही उभे राहायचो. बायका यायच्या, वांगं हातात घेऊन फिरवायच्या, भोक दिसलं की ठेवून द्यायच्या. त्यांचा तरी काय दोष? भाजी अशी असते, हे त्यांनी कुठं बघितलं होतं?

थंडीतली एक सकाळ होती. वांगी सुकू नयेत म्हणून कस्तुरानं रानातलं ओलं तण उपटून क्रेटवर पसरलं होतं. तणनाशक बंद झाल्यापासून बांधाबांधानं ते माजलं होतं. गल्लीतून एक ठेंगण्या बांध्याची बाई आली. तिनं वांग्यांकडं बघितलंच नाही. वरचं तण मुठीत धरलं आणि नाकाला लावलं.

"अगं बाई! पाथरी! भाऊ, ही कशी देता?"

जयसिंग गोंधळला. "मावशी, ते तण हाय. झाकायला आणलंय नुसतं."

"तण तुमच्याकडं असंल. आमच्या बीडकडं हिच्यासाठी पोरं रान धुंडाळायची. मुगाची डाळ घालून केली की दुसरं कायी लागत नाही. किती वर्षांनी दिसायलीय!"

त्या होत्या मंजुळाबाई. कंपन्यांत काम करणाऱ्या मुलांसाठी त्या गल्लीत मेस चालवायच्या. जयसिंगनं पाथरी फुकट दिली. त्यांनी फुकटची नको म्हणून वांगीही घेतली, भोकं असलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचायच्या आधीच त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, आणि सोबत शेजारच्या चार बायका. कुणी जालन्याची, कुणी धाराशिवची. एकीला चंदनबटवा हवा होता, एकीला घोळ, अशाच रानातल्या पालेभाज्या. जयसिंगनं मळ्यात जाऊन हे सांगितलं तेव्हा कस्तुरा बांधावर बसून पोट धरधरून हसली. ज्या तणाला ती वर्षभर शिव्या देत होती, तेच आता लोक मागून नेत होते!

पण नुसत्या पाथरीवर मळा चालत नाही. खरं काम पुढं मंजुळाबाईंनी केलं. त्या एकदा जयसिंगला म्हणाल्या, "आतापर्यंत मी बाजारात जे दिसंल ते शिजवायचे. आता तुमच्या रानात जे येईल ते शिजवीन. दोडका आला तर दोडका, शेपू आला तर शेपू. सगळं आणा."

मेसमधली मुलं कुरकुरली नसती तरच नवल. सिद्धेश नावाचा कोकणातला मुलगा होता, रात्रपाळी करून यायचा. तो ताट बघून म्हणायचा, "मावशी, परत दोडका? बटाटा काय संपला काय जगातला?"

"दोडक्याचे दिवस आहेत, दोडका खा. बटाट्याचे आले की बटाटा देईन," मंजुळाबाई म्हणायच्या. मग त्या दोडक्याच्या शिरांची चटणी करायच्या, आणि तोच सिद्धेश ती दोनदा मागून घ्यायचा. ताटात टाकलेलं मात्र त्यांना खपत नसे. कमी घे, परत माग, पण टाकू नको.

देठं, साली, सडका पाला त्या एका पिंपात जमवायच्या. परतीच्या वाटेवर ते पिंप माझ्या हौद्यात चढायचं आणि मळ्यातल्या खड्ड्यात रिकामं व्हायचं. त्याचं खत पुन्हा वाफ्यांत जायचं. पूर्वी मी भरून यायचो आणि रिकामा खडखडत परत जायचो. आता दोन्ही वाटांनी माझ्याकडं काम होतं. मला फार बरं वाटायचं.

ते वर्ष संपत आलं. आबाजींचा निर्णय अजून व्हायचा होता. एका रविवारी मंजुळाबाई म्हणाल्या, मला ते रान बघायचंय. जयसिंगच्या शेजारी अंग चोरून बसून त्या मळ्यात आल्या. कस्तुरानं भाकरी, ठेचा आणि ओल्या कांद्याची भाजी केली होती. जेवणं झाली. मग आबाजींनी विचारलं,

"ताई, आज तुमी घेताय. उद्या तुमच्या पोरांना कंटाळा आला मंजी? त्या गोडाऊनवाल्याला मला ह्याच आठवड्यात सांगायचंय."

माझ्याकडं, म्हणजे माझ्या पलीकडच्या वाफ्यांकडं मंजुळाबाईंनी बघितलं.

"पोरं बदलतील, भाऊ," त्या म्हणाल्या. "एक दुसऱ्या कंपनीत जाईल, दुसरा येईल. पण भूक कुठं जाते? ही पोरं घर सोडून येतात, त्यांच्या पोटाची काळजी माझ्यावर आहे. तुम्ही रान दिलंत तर मी पुन्हा बाजारात जाईन, माझं अडणार नाही. पण ह्या चवीचं त्यांना द्यायला मग माझ्याकडं काय राहील?"

आबाजी उठले आणि वाफ्याकडं गेले. बराच वेळ खाली बसून ते माती चाचपत होते. औषधं बंद झाल्यापासून तिच्यात पुन्हा गांडुळं दिसू लागली होती. मंजुळाबाई निघाल्या तेव्हा आबाजींनी स्वतः कोबीचे गड्डे आणून माझ्या हौद्यात ठेवले आणि जयसिंगला म्हणाले, "उद्या मेथी बी काढायची हाय. लवकर ये." गोडाऊनच्या माणसाला त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. तो परत आला नाही, एवढं खरं.

त्यानंतर मी कितीतरी हंगाम धावलो. मग माझा आवाज वाढला, धूर वाढला, चढाला दम लागू लागला. जयसिंगनं बॅटरीवरचा नवा टेम्पो घेतला. मला राग आला नाही. भाजी नेणाऱ्यानं वाटेवर काळा धूर सोडावा, हे मलाच आवडत नव्हतं.

माझ्या शेवटच्या फेरीला आबाजी सोबत आले. काळेवाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. मंजुळाबाईंनी त्यांना मुलांच्या पंगतीतच बसवलं. मेसचं दार उघडं होतं, मी समोरच उभा होतो. सिद्धेश केव्हाच दुसरीकडं गेला होता. सगळे चेहरे नवे होते. आबाजींच्या शेजारी एक मुलगा जेवत होता, कंपनीच्या गणवेशात, नुकताच पहिल्या पाळीहून सुटलेला. आबाजी जेवायचं सोडून पंगतीकडंच बघत होते. आपण लावलेलं वांगं इतकी अनोळखी माणसं मिटक्या मारत खाताहेत, हे बघूनच त्यांचं पोट भरलं असावं. त्यांचा हात थांबलेला बघून तो मुलगा हळूच म्हणाला,

"काका, ताटात ठेवू नका हां. मावशी म्हणतात, शेतकऱ्यानं लई मेहनतीनं पिकवलेलं असतं."

आबाजींनी त्याच्याकडं बघितलं. आपण कोण ते सांगितलं नाही. "व्हय रं बाबा," एवढंच म्हणाले आणि भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून काढलं.

मित्रांनो, मी पत्र्याचा. मला भूक नाही, चव नाही. तरी मातीनं, कस्तुरानं, जयसिंगनं, मंजुळाबाईंनी आणि त्या नाव नसलेल्या ड्रायव्हरांनी माझ्या आयुष्याला अर्थ दिला. तुमच्याकडं मागायचं ते इतकंच. उद्या तुमच्या दारात भाजीचा टेम्पो थांबला, तर भोक पडलेलं पान लगेच बाजूला टाकू नका. ज्या दिवसांत जे पिकतं ते आवडीनं खा. आणि ताटात काही उरलंच, तर जरा थांबा. कोण जाणे, तुमच्या शेजारी आबाजी बसलेले असतील.