वारुळाची माती

“आणली का वहिनी, वारुळाची माती?” कुसाबाईंनी दारातच विचारलं.

“वन्सं, तुमी मागितली अन् मी नाय आणली, असं कदी झालंय? घोटीपासून मांडीवर धरून आणलीय,” चतुराबाई म्हणाली. पण डबा काही तिने नणंदेच्या हाती दिला नाही. छातीशी धरूनच ती आत शिरली.

पाथर्डी फाट्याला तिच्या भाच्याने, कुसाबाईंच्या राकेशने, बंगला बांधला होता. आज वास्तुशांत होती. लाकडी जिना, भिंतभर लाकडी कपाटं, छतालासुद्धा लाकूड. चतुराबाईने एकेक फळी मायेने हात फिरवून पाहिली. खुद्द राकेशच्या बायकोनेही इतक्या आपुलकीने पाहिली नसेल.

घोटीच्या घराच्या परसात, मागच्या भिंतीला टेकून वारूळ होतं. सासूने ते कधी पाडू दिलं नाही. नागपंचमीला त्याला हळद-कुंकू, लाह्या, दूध. सासू गेली तरी चतुराबाईने रीत मोडली नाही. गेल्या वर्षी विमा कंपनीत एजंट असलेला राकेश ऐन पंचमीला आला, वारूळ पुजणाऱ्या मामीचा फोटो काढला आणि पुरणाची दिंडं खाता खाता घराचा विमा तिच्या गळ्यात मारला.

“वाळवी लागली तर बी पैसं मिळतील का रे?” तिने विचारलं होतं.

“मामी, सगळं म्हणजे सगळं कव्हर आहे. तूप वाढा.”

यंदा पावसाळ्यात पोखरलेली तुळई अर्ध्या छपरासकट खाली आली. विमा कंपनीचा साहेब म्हणाला, वाळवी हळूहळू लागते, ती विम्यात बसत नाही. एवढं तिने गिळलंही असतं. पण आपल्या अंगाशी येतंय म्हटल्यावर राकेशने तिच्यादेखत तोच फोटो साहेबापुढे धरला. “मी मामीला बजावलं होतं, वारूळ पाडा. ऐकलंच नाही. उलट पूजा करतात, बघा.”

हे तिच्या जिव्हारी लागलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. याने मोजले आणि वर खोटं बोलून मोकळा झाला. नंतर ना फोन, ना फेरी. आणि परवा कुसाबाईंचा निरोप आला, वास्तुशांतीला वारुळाची माती लागते, शहरात कुठे शोधू? चतुराबाईने त्याच दुपारी कुदळ घेतली. वरची कोरडी माती तिने बाजूला सारली आणि आतली ओली, जिवंत माती डब्यात भरली. वर पडलेल्या तुळईचा भुगाही घातला. वाटेत उपाशी कशाला राहतील बिचाऱ्या?

“यजमान, वारुळाची माती ओंजळीत घ्या,” भटजी म्हणाले. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवायचा खड्डा तयार होता.

चतुराबाईने स्वतःच्या हाताने राकेशची ओंजळ भरली. तो मंत्र ऐकत डोळे मिटून बसला होता. बोटांच्या फटीत काहीतरी वळवळलं तसे त्याने डोळे उघडले. पांढऱ्या अळ्यांसारख्या वाळव्या त्याच्या मनगटावर चढत होत्या.

“मामी, ही माती...”

“आपल्याच वारुळाची हाय. तू फोटो काढलावता ना, त्याच.”

“भटजी, ही नको. दुसरी...”

“पूजेची माती हातात घेऊन टाकायची नसते. आटपा, मुहूर्त टळतोय.”

मागे राकेशच्या सासरची मंडळी उभी होती, ऑफिसचे साहेब उभे होते. “घाल रे बाबा, देवाची माती ती,” कुसाबाई भक्तिभावाने म्हणाल्या. राकेशने ओंजळ खड्ड्यात रिकामी केली.

चतुराबाई त्याच्या कानाशी वाकली. “भितो कशाला? सगळं म्हणजे सगळं कव्हर हाय ना तुझं?”

त्या दिवशी ती पोटभर जेवली. आग्रह करकरून वाढलेली पुरणपोळीही तिने नाही म्हटली नाही. काळीज थंड झालं होतं, खोटं कशाला बोला!

तिन्हीसांजेला ती घोटीला पोचली. परसात खणलेलं वारूळ तसंच उघडं होतं. खणलेलं उघडं ठेवू नये, सासू म्हणायची. तिने माती कालवली आणि भोक हाताने लिंपून घेतलं. कुंकवाच्या करंड्याकडे मात्र तिचा हात गेला नाही. मग हात धुऊन ती घरात आली आणि जिथे अजून छप्पर होतं, त्या कोपऱ्यात तिने खाट ओढून घेतली.