मगरीचा उपास

नदीकाठी एवढी गर्दी उसळली होती की मागच्यांना मगर दिसत नव्हती आणि पुढच्यांना ती नको तितकी दिसत होती. दहा हातांचं ते धूड वाळूत ऊन खात पडलं होतं. तिच्या शेपटीचं टोक तुटलेलं, म्हणून सगळे तिला 'थोटी' म्हणत. गावात नव्याने उतरलेल्या एका बाबांनी सोललेली कोंबडी राखेत घोळवली, डोळे पांढरे केले आणि ती थोटीच्या नाकासमोर भिरकावली.

"जलराणी, माझी आण आहे तुला! या राखेला तोंड लावलंस तर बत्तिशी गळून पडेल!"

मगरीला बत्तीसच दात असतात का, हे विचारायला कोणी शुद्धीवर नव्हतं. थोटीने एक डोळा उघडला, कोंबडीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"बघा! उपास धरला तिने! आता या राखेचा ताईत ज्याच्या दंडाला, त्याला ती शिवणार नाही. घाटावरच्या जाळीत कोंडून घ्यायला तुम्ही काय खुराड्यातल्या कोंबड्या आहात?"

माणसं ताइतांवर तुटून पडली.

गर्दीच्या कडेला गळ्यात शिट्टी अडकवून रखवालदार उभा होता. मगरींवर नजर ठेवायची, काठावरच्यांना हटकायचं आणि धुण्याच्या घाटाभोवती पाण्यात रोवलेली लोखंडी जाळी तपासायची, ही त्याची नोकरी. भर थंडीत त्याला घाम फुटला. हा चमत्कार बाबांना शिकवला होता त्यानेच! पंधरा दिवसांपूर्वी चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या एका परक्या माणसाला त्याने फुशारकीने सांगितलं होतं, "थंडीत मगरीच्या नाकाला कोंबडी लावा, ढुंकून बघणार नाही. अंग गार असलं की तिला पचतच नाही. ऊन तापू दे, मग बघा." तो परका माणूस आता राख वाटत होता.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण ताइताने रखवालदाराचंही भलं केलं. जाळीतली जागा अपुरी, म्हणून रोज भांडणं व्हायची, अर्ज यायचे. आता बायका खुशाल उघड्या पायऱ्यांवर धुणं घेऊन बसू लागल्या. साहेबांनी पाठ थोपटली, "यंदा एकही तक्रार नाही. शाबास!" आणि त्याने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं.

घरी वहिनीच्या दंडालाही ताईत आला. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला वहिनीनेच वाढवलेलं.

"वहिनी, तुम्ही आपलं जाळीतच धूत जा."

"का हो भाऊजी? बाबा खोटे आहेत का?"

"तसं नाही..."

"मग?"

"काही नाही. भाजी वाढा."

भाजी चांगली झाली होती. त्याने दोनदा मागून घेतली.

थंडी सरली, ऊन तापलं. एके सकाळी उघड्या पायऱ्यांवर थोटीने वहिनीची पोटरी धरली. बायकांनी धोपटण्यांनी मगरीचं थोबाड बडवून तिला सोडवलं. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बाबांकडे उत्तर तयारच होतं. "तिच्या मनात शंका होती! शंकेखोराच्या दंडावर ताईत म्हणजे नुसतं ओझं!" शेजारणींनी ते दवाखान्यापर्यंत पोचवलं, तेही खाटेजवळ उभं राहून.

त्या गेल्यावर वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, शपथ घेते. माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती हो."

जिचा पाय गेला, तीच आपली बाजू मांडत होती, आणि कोणापुढे!

"शंका तुमच्या मनात नव्हती, वहिनी. खात्री माझ्या मनात होती." मग त्याने टपरीपासून सगळं सांगितलं.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे त्या दिवशी जेवताना तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग इथे कशाला बसलात? अजून दोन पायांनी पाण्यात उतरतायत ना बायका? त्यांना सांगा जाऊन."

दुपारी त्याने शिट्टी फुंकून घाट गोळा केला. बाबांच्याच डबीतली राख, बाबांच्याच डोळ्यांदेखत कोंबडीला चोळली आणि लांब बांबूला बांधून पाण्यावर धरली. पाणी फाटलं. कोंबडी गेली, बांबूचं टोकही गेलं.

"ही मगरच वेगळी आहे!" बाबा ओरडले.

"शेपूट बघा," धुणं घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली. "थोटीच ती. उपास सुटला वाटतं!"

हशा पिकला. त्या हशातच बाबा सटकले, ते बसस्टँडवरच दिसले.

रखवालदार मात्र हसला नाही. "थंडीत ती खात नाही. कुठल्याच थंडीत नाही. बाबा नव्हते तेव्हाही नव्हती खात. हे मला माहीत होतं."

"मग तेव्हा तोंड का शिवलं होतंस?" म्हातारीने विचारलं. आता कोणी हसत नव्हतं.

"सोयीचं होतं म्हणून," तो म्हणाला. "बाबाने तुम्हाला फसवलं, आणि मी फसू दिलं. ताईत काढा, जाळीत या. जागा पुरत नसेल तर जाळी मोठी करून मागा, पहिला अर्ज मी लिहितो. आणि कोणी चमत्कार दाखवला तर त्याला एवढंच सांगा, थंडीत दाखवलास, उन्हाळ्यातही दाखव."

जाळी आता दुप्पट झाली आहे. वहिनी कुबडी टेकत घाटावर येते. ती त्याच्याशी बोलते, वाढते, पण ताटात भाजी पडली की त्याला अजून दुसऱ्यांदा मागवत नाही. नवी सून धुणं घेऊन आली की वहिनी तिला आधी आपला पाय दाखवते.

"माझ्या मनात शंका नव्हती, पोरी," ती म्हणते. "तू ठेव."