सलग पाच आठवडे शून्य

बाजारातली माणसं तिला काटेवाली बाई म्हणत. वजनमापं तपासणं ही तिची नोकरी. शिक्क्याची वजनं पिशवीत घालून ती दुकानादुकानांतून फिरायची, काट्यावर ठेवायची आणि आकडा बघायची. सत्तावीस वर्षांत तिला इतके लबाड काटे भेटले होते, की घरी नवरा 'जेवलो' म्हणाला तरी ती आधी ताट बघायची. संशयाला औषध नाही म्हणतात. हिने तर संशयावरच पोट भरलं होतं.

त्या शनिवारी सकाळी ती एका धान्याच्या दुकानात उभी होती. फोनवर आईच्या वृद्धनिवासाचा आठवड्याचा अहवाल आला. झोप समाधानकारक. हालचाल ठीक. मदतीसाठी हाक शून्य वेळा. स्थिती हिरवी. पाठोपाठ घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाचा संदेश आला, 'आपल्या आईला तोड नाही. सलग पाच आठवडे शून्य.' त्याखाली अंगठे आले, फुलं आली. काकांनी लिहिलं, 'याला म्हणतात वळण.' एका चुलत वहिनीने लिहिलं, 'आमच्या सासूबाईंना कुणीतरी यांच्याकडे शिकवणीला पाठवा.'

फूल टाकायला काटेवालीचं बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. समोर दुकानदार रिकामा काटा दाखवत होता. "बघा बाई, बरोबर शून्य."

"रिकामा आहे म्हणून शून्य," ती म्हणाली. "भरल्यावर काय दाखवतो ते बघू."

बोलता बोलता तिच्याच मनात पाल चुकचुकली. आई ऐंशीची. झटक्यानंतर डावी बाजू अर्धी लुळी, गुडघे तर त्याआधीच गेलेले. अशी बाई पाच आठवड्यांत एकदाही कुणाला बोलावत नाही? पाणी नको, कूस बदलायला नको, उशी सरकली तर सरळ करायला नको? हे यंत्र तरी बंद असणार, नाहीतर ते कुणीतरी बंद केलेलं असणार.

वृद्धनिवासात प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा असे आणि पट्ट्यावर लाल बटण. ते दाबलं की खाली मॅनेजरच्या पडद्यावर त्या खोलीचा हिरवा चौकोन लाल व्हायचा आणि मजल्यावरच्या बाईच्या खिशातलं यंत्र वाजायचं. आईला तिथे ठेवताना काटेवालीने सगळं उलटसुलट विचारून घेतलं होतं. एवढ्यावर समाधान न होऊन तिने लेखी मागणी केली होती, की आईने किती वेळा बोलावलं याचा आकडा मला दर आठवड्याला कळवा. निवासाने कामचुकारपणा केला तर आपल्याला पुरावा हवा, हा तिचा हिशेब. बाकीच्या नातेवाइकांना ही कल्पना इतकी आवडली, की महिन्याभरात प्रत्येक घरी आकडा जाऊ लागला.

दुपारी तीनला ती निवासात पोचली. दारातून आत शिरताच भिंतीवर फलक होता, 'या महिन्याचे शांत निवासी', आणि खाली हसऱ्या म्हाताऱ्यांचे सहा फोटो. दुसरा आईचा. मागच्या महिन्यात याच फोटोचा फोटो काढून तिने ग्रुपवर टाकला होता. आज तिला तो बघवेना.

"तक्रारीला जागाच नाही ताई," मॅनेजर म्हणाला. तो नेहमी समोर कागद धरून वाचल्यासारखा बोलायचा. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. चव्वेचाळीस चौकोन, सगळे हिरवेगार.

"हे यंत्र तपासतं कोण?"

"कंपनीचा माणूस येतो दर तीन महिन्यांनी."

"आणि मधे बिघडलं तर?"

"मधे बिघडत नाही ते."

असं म्हणणाऱ्या दुकानदारांची तिच्याकडे भली मोठी यादी होती. जिना चढता चढता तिने मनातल्या मनात तिघांना पिंजऱ्यात उभं केलं. पहिला हा मॅनेजर, आकडे हाताने भरत असणार. दुसरी वरच्या मजल्यावरची मावशी, आईचा पट्टा काढून ठेवत असणार. तिसरा आपला धाकटा. त्याला सगळं हिरवं असलेलं बरंच आहे, म्हणजे यायला नको.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसून पेंगत होती. केस विंचरलेले, पातळ स्वच्छ, पट्टा मनगटावर जिथल्या तिथे. फक्त बसली होती जराशी तिरकी, उजव्या कुशीवर भार देऊन. काटेवालीने खोलीभर नजर फिरवली. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर, पण भरलेलाच. फुलपात्र कोरडं. ती आईजवळ वाकली, हलकेच बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली.

एक मिनिट चाळीस सेकंद. मावशी धापा टाकत दारात आली. हात कोपरापर्यंत ओले होते, कुणाला तरी अर्ध्यात सोडून आली असावी. "काय झालं आजी?"

काटेवालीचा हिरमोडच झाला म्हणायचा. यंत्र चोख होतं आणि मावशीही. चोर काही सापडला नाही.

तेवढ्यात आईला जाग आली. मनगटावर लाल दिवा लुकलुकत होता. तो बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी दाबलं हे? मी नाही दाबलं. मावशी, मी नाही हो दाबलं." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "ते खोडता येतं का गं?"

"नाही येत खोडता. असू दे आजी, एक तर आहे." मावशीने पदराला हात पुसले आणि काटेवालीकडे वळली. "ताई, कशाला दाबलंत? किती दिवस जपलं होतं त्यांनी."

"तुला एवढं का लागलं?" काटेवालीचा आवाज तपासणीचा झाला. "दाबू नका असं तूच सांगतेस ना यांना?"

मावशी चिडली नाही. तिच्यात तेवढी ताकद उरली नसावी. "माझ्या मजल्यावर लाल जास्त झालं की खालून मला विचारतात, तुझ्याकडेच का? बावीस जणांना मी एकटी आहे ताई. दाबलं नाही तर मला बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू? पण दाबू नका असं मी कुणाला सांगितलेलं नाही. ते आपणहूनच दाबत नाहीत."

काटेवाली वळून आईला सरळ बसवायला गेली. कमरेमागे हात घालताच आईने दात आवळले.

"काय झालं?"

"काही नाही. अशीच बरी वाटते मला."

"आई, बघू."

दोघींनी तिला उचलून पलंगावर कुशीवर निजवलं. पातळ सैल केलं आणि माकडहाडापाशी जखम दिसली. तळहाताच्या खळग्याएवढी, कडेने काळपट, आत ओली. बसून बसून, पडून पडून झालेली. मावशी पलंगाच्या कडेवर मटकन बसली. "आजी, रोज विचारते ना हो मी? अंग पुसू का, कूस बदलू का?"

"विचारतेस की. आणि मी नको म्हणते. माझं मी पुसते." आई भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "तुला आणखी एकवीस जण आहेत."

मावशी डॉक्टरांना फोन करायला धावली. काटेवाली जमिनीवर, आईच्या तोंडासमोर येऊन बसली. "एवढं दुखत असताना दाबलं का नाहीस?"

आई म्हणाली, "तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढली मी. समोर दिवे लागायचे. ज्याचा दिवा सारखा लागायचा ना, त्याला आम्ही पोरी नावं ठेवायचो. एक जण होता, त्याचं नाव घंट्या. त्याचा दिवा लागला की एकमेकींकडे बघून हसायचो आणि बाकीच्यांचे आधी जोडायचो. एकदा त्याच्या घरात खरंच कुणी शेवटच्या घटका मोजत होतं. डॉक्टरला फोन लावायचा होता. मी त्याचा सगळ्यात शेवटी जोडला. सारखं बोलावणाऱ्याचं काय होतं, ते मला ठाऊक आहे."

"पण इथे कोण हसणार आहे तुला?"

"तू."

"मी?"

"तूच म्हणालीस ना, आकडा मागवलाय, मला सगळं कळेल. पहिल्या आठवड्यात एकोणीस झाले. तुझा फोन आला. 'आई, एकोणीस?' म्हणालीस."

काटेवालीला तो फोन आठवला. बाजाराच्या गोंगाटात, घाईघाईने केलेला. तिला विचारायचं होतं, एकोणीस वेळा हाक मारावी लागते, मग ती माणसं करतात तरी काय? पण एवढं सगळं कुठलं बोलणं झालं. तोंडून निघालं ते फक्त 'एकोणीस?' आणि तेही लबाड काट्यापुढे वापरायच्या आवाजात.

"पुढच्या आठवड्यात मी अकरावर आणले," आई सांगत होती, जणू परीक्षेतले मार्क. "मग तीनवर. मग शून्य झालं. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फुलं पाठवलीत. धाकटा तर फोनवर रडला गं, म्हणाला, आई, आमची काळजीच मिटवलीस. एवढं कौतुक माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं."

जगातल्या सगळ्या काट्यांवर संशय घेणाऱ्या बाईला स्वतःच्या जिभेचा संशय कधी आला नव्हता. तिला स्वतःची विलक्षण चीड आली. आपल्यात म्हाताऱ्या माणसाची स्तुती करायची म्हणजे एकच वाक्य ठरलेलं असतं, 'त्यांचा काही म्हणजे काही त्रास नाही.' ते वाक्य आपण त्यांच्या देखत म्हणतो, पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि ती बिचारी त्याला जागत जागत कुजत जातात. हातात बटण देणारेही आपणच आणि ते न दाबण्याला बक्षीस लावणारेही आपणच.

डॉक्टर आले. जखम धुतली, पट्टी केली, आणखी पंधरा दिवस असंच चाललं असतं तर हाडापर्यंत गेली असती, म्हणाले. तिने ग्रुपवर लिहिलं, 'आईच्या पाठीला मोठी जखम झाली आहे. आपल्या कौतुकापायी तिने ती लपवली. शून्याला फुलं वाहणं आजपासून बंद.' क्षणात धाकट्याचं उत्तर आलं, 'ताई, हे सगळ्यांसमोर कशाला?'

'कौतुकही सगळ्यांसमोरच केलंस ना,' तिने लिहिलं आणि फोन पिशवीत टाकला.

चार वाजले होते. शनिवारी या वेळेला नातेवाईक खालच्या दालनात चहाला जमत. बरेचसे तिथूनच परत जात, कारण अहवाल हिरवा असला की वर जाऊन उगाच झोपमोड कशाला करायची. काटेवालीने खाली येऊन फलकावरून आईचा फोटो उतरवला. मॅनेजर उठून उभा राहिला. "ताई, असं करता येत नाही."

"माझी आई शांत नव्हती," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दालनातले कप थांबले. "तिच्या पाठीला एवढी जखम आहे आणि पाच आठवडे तिचा आकडा शून्य आहे. हा आकडा निवासाने काढलेला नाही. मी मागितला होता. यांच्यावर नजर ठेवायला मागितला, आणि आईला वाटलं नजर तिच्यावर आहे. तुमच्याकडेही येतो तो. ज्यांच्या माणसाचं शून्य आहे त्यांनी एकदा वर जाऊन चादर उचलून बघा. आणि त्यांना सांगा, की बोलावलंत तर आम्हाला राग येणार नाही."

एका बाईने बिस्कीट बशीत ठेवलं. "आमच्या सासूबाई मुळातच शांत आहेत हो, स्वभावच तसा."

"असेल," काटेवाली म्हणाली. "बघून या."

कोपऱ्यातला एक जाडसर गृहस्थ कप खाली ठेवून उठला आणि कुणाकडे न बघता जिना चढू लागला. त्याच्यामागे दोघी बहिणी गेल्या. मग सासूबाईंची सूनही गेली.

काही वेळाने पडद्यावर नऊ नंबरचा चौकोन लाल झाला. मग चौदा. मग अकरा आणि अठरा एकदमच. मॅनेजरने पडद्याच्या कडेवर टपली मारली. "यंत्र बिघडलं वाटतं. गेल्या महिन्याभरात असं कधी झालं नाही."

वरून मावशीची धावपळ ऐकू येत होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिच्या जोडीला सोमवारपासून आणखी दोन बाया आल्याशिवाय आपण या दारातून हलायचं नाही, हे काटेवालीने ठरवून टाकलं. पण सोमवार लांब होता. तिने पिशवी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि पदर खोचला.

"चला, उठा," ती म्हणाली. "चौदाला मी जाते. अकराला तुम्ही."