न वाजलेला भोंगा

मित्रांनो, पाचूबंदरच्या एका घरात, फडताळाच्या कोपऱ्यात मी पडून आहे. मी एक जुना मोबाइल. माझा मालक इग्नेशियस, मासेमारी करणारा. होडीवर तो मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवी.

त्याची मुलगी इनेझ मोबाइलची अॅप्स बनवते. वादळाचा इशारा येताच मोठ्याने भोंगा वाजवणारे अॅप तिने बंदरावरच्या होड्यांसाठी बनवले. प्रत्येकाच्या फोनमध्ये तिने स्वतः भोंग्याचे सेटिंग 'चालू' करून दिले. फोन ते जपून ठेवी. दोनदा वादळ आले, दोन्ही वेळा मी वाजलो. सारे कौतुक करत. मलाही अभिमान वाटे.

मग मी बिघडलो. दुरुस्तीत माझ्यातले सगळे पुसले गेले. इग्नेशियसने अॅप पुन्हा घेतले, पण जपून ठेवलेले सेटिंग गेले होते. हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्या दुपारी तो आणि धाकटा भाऊ कॉन्रॅड जाळे ओढत होते. माझ्याकडे इशारा आला. अॅपने सेटिंग शोधले. ते नव्हतेच. पण ते आहे का, हे आधी तपासायला अॅपला कुणी शिकवले नव्हते. काही सापडले नाही म्हणजे 'बंद', असे त्याने धरले. पडद्यावर नुसती अक्षरे उमटली.

लांबच्या होड्या किनाऱ्याकडे वळू लागल्या.

"ते कुठं चालले?" कॉन्रॅडने विचारले.

"भोंगा कुठं वाजलाय? जाळं वड तू," इग्नेशियस म्हणाला.

वाऱ्याने होडी उलटली. इग्नेशियसला दुसऱ्या होडीने वर घेतले. कॉन्रॅडचा देह पुढे अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागला.

दफनानंतर इनेझने मला लॅपटॉपला जोडले. अॅपची एकेक ओळ तिने तपासली.

"पप्पा, तुमच्या फोनात सेटिंग नव्हतंच. नसेल तर काय करायचं, ते मी लिहिलंच नाही. फ्लॉसीकाकीला सांगायला हवं."

"कोनाला सांगू नको, पोरी. वड म्हनून मीच बोललो त्याला."

तरी ती मला घेऊन कॉन्रॅडच्या बायकोकडे गेली आणि सगळे सांगितले. फ्लॉसी रडली नाही.

"आता वाजतो?"

"वाजतो, काकी. सेटिंग नसलं तरी वाजतो."

"वाजव."

भोंगा संपेपर्यंत फ्लॉसी उंबऱ्यात उभी राहिली. मग तिने दार लावून घेतले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेही कुणी अॅप लिहील. साठवलेले काही वाचण्याआधी ते आहे का, एवढे पाहा. कुणी काहीच सांगितले नसेल, तर त्याचा अर्थ 'नको' असा धरू नका. त्याला विचारा.