तीन डाव धुतलेली पिशवी

डॉक्टर रश्मींनी दुर्बिणीने काढलेलं चित्र पडद्यावर लावलं. गर्भपिशवीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पांढऱ्या पट्ट्या ताणलेल्या होत्या.

“भिंती एकमेकींना चिकटल्यात,” त्या म्हणाल्या. “टेस्ट ट्यूबचे तुमचे दोन्ही वेळचे गर्भ चांगले होते. त्यांना रुजायला जागाच नव्हती. आधी कधी पिशवी धुतली होती का?”

जयाने तोंड उघडायच्या आत तिची सासू पुष्पावती पुढे सरकली. “धुतली की. तीन डाव. तालुक्याला.”

सुनेसाठी काही कमी केलं नाही, असा तो आवाज होता.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जयाचा गर्भ पडला, तेव्हा ऊसतोडीचा ट्रॅक्टर निघायला आला होता. पिशवी धुतली आणि ती कोयता घेऊन फडात उतरली. पुढे पाळी नुसत्या डागावर आली. घाण आत अडकली, असं पुष्पावतीने ठरवलं आणि पुन्हा धुवून आणली. पाळी आणखी कमी झाली, म्हणून तिसऱ्यांदा. रान नांगरावं तशी पिशवी खरवडली की गर्भ धरतो, अशी तिची खात्री. तालुक्याच्या डॉक्टरने एकदाही नको म्हटलं नाही. आणि टेस्ट ट्यूबवाल्यांनी आत न बघताच दोन गर्भ सोडले.

“आता एकच गर्भ गोठवलेला उरलाय,” रश्मी म्हणाल्या. “पुन्हा पुन्हा खरवडल्यानेच भिंती चिकटल्यात. त्या मोकळ्या करू. पण अस्तर परत किती वाढेल, शब्द देता येत नाही.”

बाहेर बाकावर नवरा, बिभीषण, हळूच म्हणाला, “आईनं भल्यासाठीच केलं गं.”

“व्हय. आन् हळदीकुंकवाला मला मागं बसवलं, तेबी भल्यासाठीच. माझ्यात खोट हाय म्हनून गावभर सांगितलं. खोट तर तुमी पाडली.” जयाचा आवाज चढला नव्हता. “तुमी तर दवाखान्याच्या दारात हुता की. एकदा तरी आत येऊन इचारलं का, कशाला खरवडताय म्हनून?”



बाकाच्या टोकाला पुष्पावती पदराची गाठ सोडत, बांधत होती. मग पुटपुटली, “उद्या आरतीचीबी धुवायचीय. लग्नाला वरीस झालं, काय न्हाई. तिच्या सासूला मीच सांगितलं.”

आरती तिची पोटची लेक, शेवगावला दिलेली.

जयाने मोबाईल काढून आरतीचा नंबर लावला आणि सासूपुढे धरला.

“आता काय सांगू? तिच्या सासरी हसतील मला.”

“हसू द्या.”

“तूच बोल की.”

“माझं कोन ऐकतंय? मी वांझ. तुमी बोला, आत्या. मला ऐकू येईल असं.”

पलीकडून आरतीचा आवाज आला, “हॅलो, वहिनी?”

पुष्पावतीने सुनेकडे पाहिलं. जयाचा हात खाली आला नाही.

“आरती,” पुष्पावती म्हणाली, “उद्या जाऊ नगंस. माझं चुकलंय.”