मागचा ब्रेस आणि उजवं वळण

शरच्चंद्र निखाऱ्यांच्या हाताला यश होतं, पण तोंडाला कुलूप नव्हतं. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या गॅरेजात गाडी घेऊन आलेला माणूस अर्धा तास भाषण ऐकल्याशिवाय सुटत नसे. आणि गेला आठवडाभर तर भाषणाला एकच विषय होता, मागचा ब्रेस.

ब्रेस म्हणजे काय, तर गाडीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मधे चेसिसच्या सांगाड्याला आडवा कसलेला जाड लोखंडी पाइप. वळणावर गाडीचं अंग पिळवटतं, ते या पाइपानं धरून ठेवायचं. निखाऱ्यांनी तो स्वतः कापला, स्वतः वेल्डिंग केलं, वर लाल रंगही फासला. "हा लावला की दोन सेकंद वाचलेच समजा," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले होते.

सेकंद वाचायला हवे होते ते त्यांच्या लेकीचे. वैदेही, वय तेवीस, शोभाताईंच्या मोटार-शर्यतीच्या क्लबातून गाडी पळवायची. त्या रविवारी सकाळी कामठी रोडच्या एका मैदानावर क्लबाची निवड होती. प्लास्टिकचे कोन मांडून वाट आखलेली, एका वेळी एकच गाडी, आणि सगळं भांडण घड्याळाशी. इंदूरच्या शर्यतीला एकच जण जाणार होता, वैदेही नाहीतर क्लबातलाच पियुष. दोघांना गाडी तीच, फेऱ्या दोन-दोन. ज्याची एक फेरी सगळ्यात वेगवान, तो इंदूरला. पहिल्या फेरीत पियुषनं बरोबर बासष्ट सेकंद घेतले, वैदेहीनं बासष्ट आणि वर दोन दशांश.

मग निखाऱ्यांनी डिकीतून ब्रेस बाहेर काढला. त्यांच्या चालण्यात असा काही रुबाब आला, की विचारू नका.

उजव्या अंगाला जॅक लावून त्यांनी मागचं चाक उचललं, खाली सरकले आणि चारही बोल्ट दातओठ खाऊन कसले. जॅक उतरवला, कपडे झटकले. "जा वं माय, उडव आता!"

वैदेही सुटली. पहिलं वळण डावं. गाडी अशी चिकटून गेली, की शोभाताईंनीही मान डोलावली. दुसरंही डावंच, तेही झकास. निखारे आजूबाजूला बघू लागले, कोण कोण बघतंय म्हणून. तिसरं वळण उजवं आलं आणि गाडीचं मागचं अंग एकदम बाहेर फेकलं गेलं. गाडी गर्रकन फिरली, सहा कोन उडवले आणि जुन्या टायरांच्या रचलेल्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली.

 धुळीतून धावत निखारे गाडीपाशी पोचले. पोरगी धडधाकट होती, पण स्टिअरिंग अजून घट्ट धरून होती.

"लागलं का वं?"

"नाही. माझाच हात चुकला, बाबा." तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही येवढा ब्रेस बनवला, अन् मले चालवता नाही आली. जाऊ द्या. आता मी स्टिअरिंगले हातच नाही लावत."

रागावून म्हणाली असती तर निखाऱ्यांना चाललं असतं. ती शांतपणे म्हणाली, हेच वाईट होतं. ही पोरगी एकदा सोडते म्हणाली की सोडायची, हे बाप म्हणून त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाडी ढकलत सुरुवातीच्या रेघेवर आणली. शोभाताई म्हणाल्या, "वैदेही, तुझी फेरी झाली. पियुष, बस." पियुष हेल्मेट चढवू लागला.

निखारे चाकांशी उकिडवे बसले. हवा बरोबर होती, टायर ठीक होते. मग डावीकडं एवढी शहाणी गाडी उजवीकडंच काहून फिरली? त्यांची नजर उजव्या बाजूला जॅकच्या ओरखड्यावर गेली आणि तिथंच अडली.

त्यांचे वडील, दादाजी, हातमागावरचे विणकर. माग हलायला लागला तर चौकट कशी कसायची, हे त्यांनी पोराच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. आधी ताणा उतरवायचा, सगळे धागे सैल करायचे, चौकट मोकळी करायची आणि मगच पाचर ठोकायची. ओझ्याखाली कसलेलं लाकूड वाकडंच राहतं, असं ते म्हणत. निखाऱ्यांनी तेच केलं होतं. ओझं उतरवायला चाक हवेत उचललं. पण गाडी म्हणजे माग नव्हे! एका कोपऱ्यावर उचललेली गाडी मोकळी नसते, पिळलेली असते. तो पीळ त्यांनी स्वतःच्या हातानं, चार बोल्ट मारून आत कोंडला होता. मागच्या एका चाकावर भार जास्त, दुसऱ्यावर कमी, म्हणून डावीकडं निभावलं आणि उजवीकडं सुटलं.

आणि आता त्यात पियुष बसत होता.

खोटं कशाला बोला, एक क्षण निखाऱ्यांच्या मनात पाप आलं. बसू दे त्याला. तोही त्याच वळणावर फिरेल. मग कोणी म्हणणार नाही पोरीचा हात चुकला म्हणून, आणि आपल्यालाही तोंड उघडावं लागणार नाही. पियुषनं दार लावलं, पट्टा ओढला. निखाऱ्यांना टायरांची ती भिंत दिसली, हातभर अंतर दिसलं, आणि स्वतःचीच किळस आली.

"थांब बे!" ते बोनेटवर हात आपटत ओरडले. "उतर खाली! ब्रेस चुकीचा बसवला मी. गाडी जॅकवर असताना कसला. पोरीचा हात नाही चुकला, ताई, माझा चुकला."

 आठवडाभर ज्यांनी भाषणं ऐकली होती, ते सगळे तिथंच उभे होते.

शोभाताईंनी घड्याळ पाहिलं. "गाडीचा दोष असेल तर तिची फेरी परत धरू. पण ब्रेसचं काय?"

"काढून टाकतो."

"काढू नका." वैदेही पुढं आली होती. तिनं पियुषला हातानंच बाजूला केलं, आत बसली आणि हँडब्रेक ओढला. "जमिनीवर, चारी चाकांवर कसायचा ना? मंग माझं वजन पण पाहिजे. मी बसून राहते. तुम्ही बोल्ट सोडा अन् परत कसा. आधी मीच चालवून पाहीन, मंग पियुष."

निखारे अंगानं काडी म्हणून बरं, नाहीतर गाडीखालच्या त्या टीचभर जागेत कोण शिरलं असतं? पहिला बोल्ट सैल होताच पाइपानं कडकन आवाज केला. कोंडलेला पीळ सुटला. त्यांनी चारही सोडले, वर वैदेहीला बसल्या जागी अंग डोलवून गाडी हलवायला लावली आणि मग एकेक बोल्ट हळूहळू कसला. डोक्यावर लेकीचं वजन होतं, आणि प्रत्येक बोल्ट त्यांनी दोनदा तपासला.

ती गेली. दोन्ही डावी वळणं झाली. उजवं आलं, तेव्हा निखाऱ्यांनी डोळे मिटले. टायर किंचाळले आणि आवाज पुढं निघून गेला.

एकसष्ट आणि पाच दशांश.

मग पियुष गेला. एकसष्ट आणि आठ. त्यानं हेल्मेट काढलं आणि वैदेहीचा हात हातात घेतला. "जा, इंदूर तुझं."

शोभाताई निखाऱ्यांकडे वळल्या. "काय हो, दोन सेकंद म्हणत होतात ना?"

निखाऱ्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. त्याच ब्रेसनं पियुषचे दोन दशांश वाचले होते आणि पोरीचे सात.

"ब्रेसचे दोन दशांश, ताई," ते म्हणाले. "बाकीचे पाच तिचे."

वैदेही बोनेटला टेकून पाणी पीत होती. बाप जवळ आल्यावर तिनं बाटली खाली केली. "बाबा, एक सांगू? उजव्या वळणावर मागचं अंग थोडं सुटलंच होतं."

"मंग वं?"

"मंग काय? सांभाळलं मी."

 निखाऱ्यांनी तिच्या हातातली बाटली घेतली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.