जिन्यावरचा माणूस

तिने ध्वनिमुद्रण पुन्हा मागे नेलं आणि हेडफोन कानांवर दाबून धरले. समोर अक्का पाय पसरून बसल्या होत्या. लुटल्या गेलेल्या, मार खाल्लेल्या माणसांचे जबाब घ्यावेत तर अक्कांनीच, असं अख्खं पोलीस खातं म्हणे. ते जबाब नीट घेतले गेले का, हे तपासायचं काम तिचं.

"तोंडात घास भरवल्यासारखा एक तरी प्रश्न विचारलाय का मी? दाखव."

"नाही विचारला."

"मग दे की पैकीच्या पैकी! का माझ्यावर काट मारायची सुपारी घेतलीस, बाळे?"

तिने हेडफोन काढून अक्कांपुढे सरकवले. "पेन ऐका, अक्का."

शिंपीणबाईंना जिन्यावर कुणीतरी मागून ढकललं होतं, पिशवी पळवली होती. मुद्रणात त्या अडखळत बोलत होत्या. "बुटका असावा..." शांतता. "नाही, उंच असेल." लगेच कागदावर पेनाची खरखर. "टोपी नव्हती..." शांतता. "होती, होती." पुन्हा खरखर. शेवटी शेवटी तर बाई खरखरीची वाट पाहत बोलत होत्या. त्यांच्याच इमारतीचा उंच, टोपीवाला रखवालदार त्या जबाबामुळेच अजून कोठडीत होता.

अक्कांनी हेडफोन काढले. जरा वेळ त्या कानाची पाळीच चोळत राहिल्या.

"लिहायचंही नाही का आता?"

"तो जबाबाच्या आधीच पकडलेला होता. तुम्हाला ठाऊक होतं."

"आणि सुटला नि उद्या दुसरीला लोळवलं, तर मलमपट्टीला तू जाणार?" अक्का उठल्या. "तूच विचार उद्या. मी बसते कोपऱ्यात. बघू."

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई आल्या त्या कपाळावरची पट्टी सावरत. तिने त्यांना पाणी दिलं, खुर्ची उन्हातून बाजूला घेतली. स्वतःचे हात मांडीवर ठेवले, रिकामे.

"तुम्हाला आठवेल तसं सांगा, मावशी. मला घाई नाही."

"कुलूप काढत होते. मागून धक्का बसला. पायऱ्यांवर आपटले." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्याच्या पोरीची झबली मीच शिवलीत हो. रखवालदाराच्या. केवढीशी आहे."

घरी पाळण्यात झोपलेली स्वतःची लेक तिला आठवली. तो विचार तिने घाईघाईने मागे सारला.

"उंच होता... म्हणजे, तसा..." बाई थांबल्या. "खरं सांगू? तोंड नाही दिसलं मला."

तिच्या छातीतला श्वास मोकळा झाला.

"नाहीच दिसलं," बाईंचा आवाज चढला. "अंधार होता ना! अजिबात नाही दिसलं. तो नव्हताच म्हणा ना."

कोपऱ्यातल्या अक्कांनी तिच्याकडे बघत आपली मान हलवली. सावकाश, वर-खाली, मायेने. लेकराने पहिलं पाऊल टाकलं की आई हलवते तशी.

तेव्हा कुठे तिला कळलं, बाईंच्या शब्दांवर आपलीही मान कधीची हलतेय.

तिने ती थांबवली. चेहरा कोरा केला.

शिंपीणबाईंनी तिच्या थांबलेल्या मानेकडे पाहिलं. मग अक्कांकडे. मग पुन्हा तिच्याकडे. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत त्या हळूच म्हणाल्या,

"तसा थोडासा दिसला होता."